बाहेरून कडी

फाल्गुन लागला की घोटावड्याच्या बाजूनं अजूनही एखाद्या सकाळी राबाचा धूर येतो. आता राब भाजणारे किती उरलेत कोण जाणे. खाचरं विकून तिथं इमारती उभ्या राहिल्या, त्यातल्याच एका इमारतीत, महाळुंग्याला, मी राहते. पण कुणीतरी असतोच, ज्याचं एखादं खाचर अजून शिल्लक आहे. खाचराच्या कोपऱ्यात शेण, पालापाचोळा, झाडांच्या तोडलेल्या फांद्या पसरायच्या, वर मातीचा पातळ थर द्यायचा आणि पेटवून द्यायचं. पावसाच्या तोंडाशी त्याच भाजलेल्या मातीत भाताची रोपं धरायची. तो धूर उंच जात नाही. जमिनीलगत रांगत येतो, ओलसर, शेणाचा आणि पाल्याचा वास असलेला. शेजारच्या बायका खिडक्या लावून घेतात. मी उघडते.

मला बंद खोलीत झोप येत नाही हे आमच्या मजल्यावर सगळ्यांना माहीत आहे. थंडीत, पावसात, डास फोडून काढत असले तरी माझ्या खोलीची खिडकी उघडी आणि दार लोटलेलंच. लिफ्टमध्ये मी एकटी कधी चढत नाही. मी जन्माची भित्री, असं मीच हसत हसत सांगते, म्हणजे पुढचं कुणी विचारत नाही.

यंदा धूर आला तेव्हा मी खाली पार्किंगमध्ये होते. माझा भाचा नितीन, म्हणजे धाकट्या बहिणीचा, शकूचा मुलगा, गेले दोन महिने तिथं एक खटाटोप करून बसला आहे. गाडीमागं जोडून न्यायची, दोन चाकांची, झोपायची खोली बनवतोय. भिंती कसल्या, तर फोमच्या जाड फळ्या, वरून कापड चिकटवायचं आणि रंग. एवढी हलकी की एका माणसानं ढकलावी. शनिवार-रविवार बायकामुलांना घेऊन धरणाच्या काठी जाऊन राहायचं म्हणे. त्यानं फरशीवर खडूनं एक लांबट चौकोन काढला आणि आम्हा दोघी म्हाताऱ्यांना म्हणाला, मावशी, आई, जरा यात आडव्या होऊन दाखवा, किती जागा लागते ते बघू. शकूनं माझ्याकडं पाहिलं आणि मी तिच्याकडं. आम्ही त्या खडूच्या रेघेबाहेर तशाच उभ्या राहिलो.

असाच चौकोन आमच्या वडिलांनी काढला होता. पौडला आमच्या भाड्याच्या दोन खोल्यांपुढं सारवलेलं अंगण होतं, त्यावर. मी तेव्हा अकरा वर्षांची आणि शकू सात. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. ते देवीची लस टोचणारे सरकारी नोकर होते. थंडी सुरू झाली की उन्हाळा तापेपर्यंत त्यांचं सगळं आयुष्य मुळशीच्या वाड्यावस्त्यांवर जायचं. बाया घराची दारं लावून घ्यायच्या, पोरं कणगीत लपवायच्या. पुरुषमाणसाच्या हाती पोराचा दंड द्यायला कुणी तयार नसायचं, म्हणून आई बरोबर जायची. ती ओसरीवर बसायची, चहा घ्यायची, आपल्या दंडावरचा व्रण दाखवायची, मग कुठं एकेक पोर बाहेर यायचं. आणि आई जायची म्हणून आम्ही दोघीही जायचो, कारण शकूला दमा होता आणि तिला कुणापाशी ठेवायची आईची छाती नव्हती.

मुक्काम कुठं, तर देवळात, चावडीत, कुणाच्या गोठ्याशेजारी. गवताच्या गंजीजवळ झोपलं की शकूची छाती रात्रभर शिट्या मारायची. आई तिला उठवून पाठीशी धरून बसायची. मी शेजारी पडल्या पडल्या तिचा प्रत्येक श्वास ऐकायची आणि पुढचा येईल की नाही याची वाट बघायची. शकू, श्वास घे, हळू घे, एवढंच मला बोलता यायचं. ती भीती मी नंतर कुठल्याच परीक्षेत, कुठल्याच दवाखान्यात अनुभवली नाही. आपल्या शेजारच्या माणसाचा श्वास मोजत पडून राहणं फार वाईट असतं.

त्यावर दादांनी उपाय काढला. आमचा मामा पुण्यात बर्फाच्या कारखान्यात कामाला होता. तिथली एक थंड खोली मोडली आणि भिंतींतल्या पांढऱ्या फळ्या कारखान्याच्या आवारात पडून राहिल्या. आज गणपतीच्या मखराला वापरतात तो थर्माकोल, पण तेव्हा त्याचं नाव आम्हाला ठाऊक नव्हतं. मामा एका टांग्यातून ढीगभर फळ्या घेऊन आला. मी एक उचलायला वाकले आणि ताकद लावल्यानं मागंच पडले, इतकी ती हलकी. दादा म्हणाले, याची खोली करू, छकड्यावर बसवू, आपल्या एका बैलाला कळणारही नाही. ना गवत, ना धूळ, ना गारठा. शकूला शांत झोप लागेल.

आणि मग अंगणात तो चौकोन. सात फूट लांब, चार फूट रुंद, कारण छकडा तेवढाच. दादा म्हणाले, झोपा सगळ्या, मी भोवतीनं रेघ मारतो. आई ताडकन उठून उभी राहिली. जमिनीवर निजवून माणसाचं माप कधी घेतात ते तिनं तोंडानं उच्चारलं नाही, पण आम्हाला कळलं. दादांचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. ते स्वतः आडवे झाले आणि मला रेघ मारायला लावली. वडिलांच्या डोक्याभोवतीनं, खांद्याभोवतीनं मी खडू फिरवला. ते उठले आणि त्यांची रिकामी आकृती अंगणात उरली. संध्याकाळी आईनं त्यावर पुन्हा सारवलं.

शेवटी मापं झोपेतच घेतली गेली. आम्ही झोपलो की दादा कंदील घेऊन यायचे आणि सुतळीनं मोजायचे. त्यांचा शोध असा की झोपेत माणूस वाढतो. जागेपणी शकूला एक फूट पुरायचा, झोपेत दीड. मी गुडघे पोटाशी घ्यायची, आई एका कुशीवर काठीसारखी सरळ. चौघं मावणं शक्य नव्हतं, म्हणून स्वतःची जागा त्यांनी छकड्याखाली, दोन चाकांच्या मध्ये, घोंगडीवर ठरवली. आत दाराशी आई, मध्ये मी, भिंतीशी शकू. तिच्या डोक्याशी वीतभर झडप, बाहेरून लावायची. शकू आणि माझ्यामध्ये चार बोटं उंचीची लाकडी पट्टी, कारण मी झोपेत लाथा झाडायची. पायाशी काथ्यानं बांधलेली झोळी, त्यात कपडे आणि भांडी. एवढ्याशा जागेत त्यांनी आमच्या प्रत्येक सवयीला जागा करून दिली होती. त्या माणसाचं प्रेम बोलण्यात कधी दिसलं नाही, ते सगळं त्या मापांत होतं.

चिकटवायचं कशानं, यावर आठवडा गेला. मामानं आणलेला रोगण लावला तर फळी डोळ्यांदेखत विरघळून खड्डा पडला. मग आईनं चुलीवर कणकेची खळ शिजवली, उंदरांनी खाऊ नये म्हणून तीत मोरचूद घातला, आणि बांबूच्या सांगाड्यात फळ्या बसवून वरून मांजरपाट डकवलं. त्यावर चुना. उरलेल्या तुकड्याला दादांनी मुद्दाम आम्हाला दाखवायला काडी लावली. तो जळाला नाही, वितळत पेटला, काळा धूर सोडत थेंब थेंब गळला. खोलीत काडी, कंदील, उदबत्ती काही न्यायचं नाही, असं त्यांनी दोघींकडून वदवून घेतलं. त्या गळणाऱ्या थेंबांची भीती माझ्या मनात त्या दिवशी जी बसली ती बसली.

राहिलं दार. छकडा खाचखळग्यांतून चालायचा तेव्हा दार सारखं उघडून आपटायचं. म्हणून दादांनी बाहेरून कडी बसवली. आतून बसवायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. आत झोपायला सगळ्यात शेवटी आई जाणार, खाली चाकांमध्ये दादा निजणार, मग आतून कडी हवी कशाला?

पहिले पंधरा दिवस सुखाचे गेले. उरवड्याच्या माळावर शकू सलग झोपली तेव्हा आई सकाळी तिला हलवून बघत होती. एकच गंमत व्हायची. दक्षिणेकडं पाय करून झोपायचं नाही हा आईचा नेम, आणि चाकांवरच्या घराला दिशा कुठली? रोज मुक्कामाला दादा बैल सोडायचे आणि दांड्या धरून एकटेच सगळी खोली वळवायचे. आई पदर खोचून समोर उभी राहायची आणि अजून थोडं, अजून थोडं, म्हणायची. गावातली माणसं तोंडात बोटं घालून बघायची. एवढं घर, आणि एक माणूस ते फिरवतोय. आम्हाला त्याचा अभिमान वाटायचा.

त्या खोलीचं हलकेपणच पुढं आमच्या जिवावर उठणार होतं.

एका गावात दादांनी बरीच पोरं टोचली. निघताना तिथल्या बायका आल्या. देवीचा डाक्तर, म्हणजे देवी बरोबर असणारच, असा त्यांचा साधा हिशोब. त्यांनी छकड्याच्या दोन्ही चाकांना हळदकुंकू लावलं, दाराच्या चौकटीला निंबाचे डहाळे बांधले, एक हिरवी बांगडी अडकवली. दादा कपाळाला आठ्या घालून उभे होते. आई म्हणाली, राहू द्या, लेकुरवाळ्यांनी मायेनं लावलंय, पुसायचं नसतं. दोन दिवसांनी आम्ही पुढच्या गावाच्या शिवेवर पोचलो ते तसेच.

त्या मुलखात त्या काळी एक रीत होती. गावात साथ शिरली, मग ती पटकी असो नाहीतर देवी, की मरीआईचा गाडा करायचा. छोटासा गाडा, त्याला हळदकुंकू, निंब, बांगड्या, आणि तो ओढत नेऊन शिवेपार सोडून यायचा. मागं वळून बघायचं नाही. साथ गाड्याबरोबर गेली असं समजायचं. ज्या गावाच्या शिवेत तो सापडेल, त्या गावानं अंधार पडायच्या आत तो आणखी पुढं न्यायचा. अशी ती मरीआई गावोगाव हिंडायची. आई-दादा शहरातून आलेले. ही रीत त्यांनी ऐकली होती, पण आपल्या पांढऱ्या खोलीकडं त्यांनी कधी गावाच्या डोळ्यांनी पाहिलं नव्हतं.

दुपारची वेळ होती. ऊन चांगलंच चटकत होतं, आणि खालच्या खाचरांतून राब भाजत होते. सगळा माळ धुरानं भरला होता. दादांनी छकडा एका आंब्याखाली उभा केला, बैल सोडून ओढ्याकाठी बांधला. शकूची छाती सकाळपासून वाजत होती. धूर आत जाऊ नये म्हणून त्यांनी झडप नीट लावून घेतली. आम्हा दोघींना आत निजवलं आणि वारा सुटला तर दार आपटायला नको म्हणून कडी घातली. माळापलीकडच्या वस्तीवर जाऊन तासाभरात येतो, मोकळं करतो, म्हणाले. आईनं बाहेरून दारावर दोनदा थाप मारली. मग त्यांच्या वहाणांचा आवाज लांब गेला.

आत दुधाळ, मंद उजेड होता. गारठ्यासाठी बांधलेली खोली उन्हात कशी तापते हे आम्हाला माहीत नव्हतं. चुन्याचा, खळीचा आणि आमच्या घामाचा वास एकत्र झाला होता. शकू उताणी पडून छताकडं बघत होती. प्रत्येक श्वासाच्या शेवटी बारीक शिटी. मी मोजत होते.

आधी पावलं ऐकू आली. मग कुणीतरी छकड्याभोवती एक चक्कर मारली, अगदी सावकाश. एक बाप्या दुसऱ्याला हलक्या आवाजात म्हणाला, हळदकुंकू हाय. दुसरा म्हणाला, निंब बी हाय. मग बराच वेळ काहीच नाही. मला वाटलं गेले. पण ते गावात निरोप द्यायला गेले होते. परत आली ती खूप माणसं. बोलत कुणी नव्हतं, नुसती पावलं, आणि एका चाकावर नारळ फुटल्याचा आवाज. म्हातारा आवाज म्हणाला, “वरल्यांनी सोडलाय आपल्या शिवंत. उचला. मागं कुनी बघायचं न्हाई.”

छकड्याचं तोंड वर उचललं गेलं आणि आम्ही पायांकडं घसरलो. कुणीतरी म्हणालं, लई हलका हाय. खोली चालायला लागली.

मी ओरडले. थांबा, आम्ही आहोत आत, असं काहीतरी. दारावर मुठी मारल्या. त्या फळ्यांतून आवाज बाहेर कसा गेला असेल ते मला आज कळतं. जाड, घोगरा, शब्द नसलेला. खोली जागच्या जागी थांबली. बाहेर कुणाचाही श्वास ऐकू येत नव्हता. मग तोच म्हातारा, आता कापऱ्या आवाजात, म्हणाला, “बोलतीया. पळा.”

आणि ती माणसं पळायला लागली. आमच्यापासून लांब नव्हे, आम्हाला ओढत. मी जितकी ओरडत होते तितका वेग वाढत होता. चाकं बांधांवरून उडत होती. भांडी आमच्या अंगावर आली. दादांनी आमच्या दोघींमध्ये बसवलेली पट्टी मोडली आणि शकू माझ्या अंगावर आदळली. धूर कुठून तरी फटीतून आत यायला लागला. शकूचा खोकला सुरू झाला, तो थांबेना. तिचे ओठ मला वेगळे दिसायला लागले.

बाहेर एक तरणा आवाज म्हणाला, “ह्यो पुढं नेन्यापरीस पेटवावा का?”

म्हातारा म्हणाला, “आपल्या शिवंत नगं. पार गेल्यावर बघू.”

डोळ्यांपुढं तो काळा धूर सोडत गळणारा थेंब आला. मला एकच सुचलं. आम्ही बोललो म्हणून त्यांना पेटवायचंय. आतून काहीच आवाज आला नाही तर ते गाडा टाकून निघून जातील. मी ओरडणं थांबवलं. पण शकू खोकत होती. मी तिला भिंतीशी दाबलं आणि तिच्या तोंडावर तळवा घट्ट धरला.

हे मी आजवर कुठं लिहिलेलं नाही. माझी बहीण, जिचे श्वास मी रात्र रात्र मोजले, तिचा श्वास मी माझ्या हातानं अडवला. ती हात-पाय झाडत होती. तिचं नाक मोकळं होतं, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे. पण दम्याच्या माणसाला नाक पुरत नाही हे मला तेव्हाही माहीत होतं.

खोली थांबली. दांड्या धप्पकन खाली पडल्या. पावलं पळत गेली, आली त्याहून वेगानं. मग शांतता. ते निघून गेले होते की विस्तव आणायला गेले होते, हे कळायला मार्ग नव्हता. म्हणून मी हात काढला नाही. शकूचं झाडणं कमी व्हायला लागलं. मी काढला नाही. तेव्हा ती चावली. माझ्या अंगठ्याच्या मुळाशी, तिचे दात आत रुतले. मी हात झटकला आणि ती खोकली, आतड्यापासून, शिट्या मारत, रडत, पुन्हा पुन्हा.

थोड्या वेळानं शकूच्या डोक्याशेजारी पांढऱ्या भिंतीतून एक काळं टोक बाहेर आलं. हळूहळू लांब झालं. पेटवायला आले, असं वाटून मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा तिथं टोक नव्हतं, उजेडाचा एक ठिपका होता. मग तो ठिपका झाकला गेला. तिथं डोळा होता.

“आत कोन हाय? मानूस हाय का?” बाईचा आवाज होता.

माझी दातखीळ बसलेली. उत्तर शकूच्या छातीनंच दिलं. बाहेर कडी वाजली आणि दार उघडलं. एवढा उजेड मी पुन्हा कधी पाहिला नाही. दारात एक धनगरीण उभी होती, हातात घोंगडी शिवायचं लांब दाभण. मागं तिची मेंढरं शिवेवरच्या गवतात विखुरली होती. ती या गावची नव्हती आणि त्याही गावची नव्हती, बहुधा म्हणूनच ती पळाली नाही. पण भ्याली तीही होती, कारण कडीला हात लावायच्या आधी तिनं दाभणानं भोक पाडून बघितलं होतं. तिनं शकूला उचलून बाहेर घेतलं, उपडं मांडीवर टाकलं आणि पाठ चोळायला लागली. मला म्हणाली, “आजारलेल्या मेंढरागत छाती वाजत हुती, म्हनून कळलं. देवी अशी खोकंल व्हय?”

तिचं नाव हिराबाई, हे नंतर कळलं. आई-दादा चाकोऱ्यांच्या मागानं धावत आले तेव्हा आईचा पदर जमिनीवर लोळत होता. दादा शकूकडं आले नाहीत, माझ्याकडंही आले नाहीत. ते दाराशी गेले आणि पेचकसानं ती कडी काढायला लागले. चार स्क्रू. पेचकस सारखा निसटत होता. आई चाकांवरचं हळदकुंकू पदरानं पुसत होती. हिराबाईच तेवढी दादांना फाडफाड बोलली. कोकरू झाकायचं तर आमी डालग्याखाली झाकतो, म्हणाली, त्याला सतरा भोकं असत्यात, तुमी शिकलेली मानसं तुमाला येवडं कळू न्हाई? दादांनी मान खाली घालून ऐकून घेतलं. मग तिच्या हातातलं दाभण मागून घेतलं आणि शकूच्या उशाशी भिंतीला भोकंच भोकं पाडली.

रात्री माझ्या हातावरचं रक्त आईला दिसलं. काय लागलं, म्हणाली. मी मूठ मिटून घेतली. शकू तिच्या मांडीवर होती, दम लागलेला. ती थांबत थांबत म्हणाली, पट्टी मोडली ती लागली ताईला. आणि मग आपणहून म्हणाली, ते पेटवणार होते म्हणून ताईनं माझं तोंड धरलं होतं. ते गेल्यावर तिनंच हात काढला, म्हणून मला खोकता आलं.

आईनं मला जवळ घेतलं. मी चावलेला हात पाठीमागं धरला.

दुसऱ्या दिवशी त्या गावचा म्हातारा दुधाची कासंडी घेऊन आला. आमच्याकडं बघवेना त्याला. त्यानं आपली तीन नातवंडं पुढं केली आणि दंड उघडे करून धरले. त्या माणसांचा राग मला तेव्हाही आला नाही. त्यांच्या घरात पोरं होती आणि दारात मरण येऊन उभं आहे असं त्यांना वाटलं होतं. भ्यालेला माणूस हाताला येईल ते दाबतो, लोटतो. हे माझ्याहून जास्त कुणाला कळणार?

आम्ही त्याबद्दल घरात कधी बोललो नाही. दादा जाईपर्यंत कुठल्याही घरात शिरले की आधी कड्या बघायचे. आईनं पुन्हा कधी कुणाला छकड्याला कुंकू लावू दिलं नाही. त्यांनी आपापली चूक पोटात ठेवली, मी माझी. फरक एवढाच की त्यांची सगळ्यांना दिसत होती. माझ्या चुकीवर शकूनं सात वर्षांच्या तोंडानं एक खोटं पांघरूण घातलं होतं, आणि ते पांघरूण की तिची खरीच समजूत, हे विचारायची मला हिंमत झाली नाही. तिच्या लग्नात नाही, तिच्या बाळंतपणात नाही, ती दवाखान्यात ऑक्सिजनवर होती तेव्हा तर नाहीच.

पार्किंगमध्ये नितीन आमच्याकडं बघत होता. शकूच हसली आणि म्हणाली, खडूत नाही रे, आत झोपून दाखवतो. अर्धवट झालेल्या त्या खोलीत आम्ही दोघी चढलो, गुडघे धरत, कण्हत. आत तोच दुधाळ उजेड. मी मध्ये, ती भिंतीशी. तिनं पर्समधला दम्याचा पंप उशाशी ठेवला. नितीन बाहेरून म्हणाला, दाराला कडी कुठं लावू? आम्ही दोघी एकाच वेळी म्हणालो, आतून.

त्याला हसू आलं. शकूनं मग त्याला ती हकीकत सांगितली, पडल्या पडल्या, तिच्या नेहमीच्या पद्धतीनं. शेवटी म्हणाली, तुझ्या मावशीनं हात काढला म्हणून मी आहे.

धूर आत येत होता, राबाचा. मला एकदम ते सहन होईना. मी म्हणाले, “शकू, मी काढला नव्हता. तू चावलीस.”

तिनं न बघता माझा उजवा हात घेतला, अंगठ्याच्या मुळाशी आपलं बोट नेऊन ठेवलं. आता तिथं सुरकुत्यांशिवाय काही दिसत नाही. पण तिला जागा बरोबर सापडली.

“मला माहीत नाही होय?” ती म्हणाली. “तू थरथरत होतीस. आई विचारत होती. काय सांगणार होते मी तिला?”

बाहेर नितीननं दार बसतंय का बघायला ते हलकेच लोटलं. उजेड गेला. माझ्या छातीत काहीतरी आवळलं गेलं आणि तिथंच अडकलं. मी ऐकत होते, शकूचा श्वास संथ चालला होता, शिटी नाही, घाई नाही. माझाच चालत नव्हता.

तिनं माझा हात सोडला नाही. अंधारात म्हणाली, “ताई, श्वास घे. हळू घे.”